नाक सतत बंद राहतं? 'टर्बिनेट'ची शस्त्रक्रिया म्हणजे काय, ती कधी करावी आणि कधी करू नये?

रात्री झोपताना एक नाकपुडी बंद होते. कूस बदलली की ती उघडते आणि दुसरी बंद होते. सकाळी उठल्यावर तोंड कोरडं पडलेलं असतं. घोरण्यावरून घरच्यांची बोलणी खावी लागतात. मेडिकलमधून आणलेला नाकाचा ड्रॉप उशाशी असतोच. शेवटी कुणीतरी सांगतं, "नाकाचं हाड वाढलं असेल, ऑपरेशन करून टाक."

नाक बंद राहण्याच्या या तक्रारीमागे अनेकदा 'टर्बिनेट' नावाचा नाकातला भाग सुजलेला असतो. त्यावर शस्त्रक्रिया होते आणि योग्य रुग्णाला तिचा चांगला फायदाही होतो. पण या शस्त्रक्रियेचे प्रकार बरेच आहेत आणि त्यांच्यात मोठा फरक आहे. काहींमध्ये टर्बिनेट फक्त आकसवतात, काहींमध्ये त्याचा भाग कापून काढतात. एकदा काढलेला भाग पुन्हा जसाच्या तसा बसवता येत नाही. म्हणूनच संमतीपत्रावर सही करण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

'नाकाचं हाड वाढलंय' म्हणजे नेमकं काय?

बोलीभाषेत आपण चार वेगवेगळ्या गोष्टींना 'हाड वाढलं' किंवा 'मांस वाढलं' असं म्हणतो. त्यांचे उपचार मात्र वेगळे आहेत.

• नाकाचा पडदा वाकडा असणं: दोन नाकपुड्यांच्या मध्ये हाड आणि कूर्चेचा पडदा असतो. तो एका बाजूला झुकलेला असेल तर ती बाजू अरुंद होते. बहुतेक वेळा 'हाड वाढलंय' म्हणतात ते हेच. यात हाड वाढलेलं नसतं, वाकलेलं असतं.

• टर्बिनेट मोठे होणं: नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरून आत झुकलेल्या घड्या फुगतात आणि हवेची वाट अडवतात.

• पॉलिप: सुजलेल्या अस्तरातून द्राक्षाच्या मण्यांसारखे मऊ, फिकट गोळे लटकतात. यात वास येणं बरेचदा कमी होतं.

• अॅडेनॉइड्स: लहान मुलांमध्ये नाकाच्या मागच्या बाजूला असलेली ही ग्रंथी मोठी होते. मूल तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर आधी याचीच शंका घेतात.

एकाच व्यक्तीत यातल्या दोन गोष्टी एकत्र असू शकतात. पडदा एका बाजूला वाकडा असेल, तर दुसऱ्या, मोकळ्या बाजूचा टर्बिनेट कालांतराने वाढतो. त्यामुळे 'तुमचं हाड वाढलंय' असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: यातलं नेमकं काय?

टर्बिनेट असतात कशासाठी?

प्रत्येक नाकपुडीत वरचा, मधला आणि खालचा असे साधारण तीन टर्बिनेट असतात. आत पातळ हाड, त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेला स्पंजसारखा थर आणि सर्वांत वर ओलसर अस्तर, अशी त्यांची रचना असते. सर्वांत मोठा असतो तो खालचा. नाक बंद होण्याला बहुतेक वेळा तोच कारणीभूत ठरतो.

आपण दिवसाला सुमारे १० हजार लिटर हवा आत घेतो. ही हवा फुप्फुसांत पोहोचण्याआधी गरम करणं, तिच्यात ओलावा मिसळणं आणि धूळ अडवणं, ही कामं टर्बिनेट करतात. हवा नाकातून कशी वळावी, हेही त्यांच्या आकारावर ठरतं. थोडक्यात, टर्बिनेट म्हणजे जादा वाढलेलं मांस नव्हे. तो नाकाचा कामाचा भाग आहे.

निरोगी माणसातही दोन्ही बाजूंचे टर्बिनेट आळीपाळीने फुगतात आणि आकसतात. काही तासांनी ही बाजू बदलते. १८९५ मध्ये रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी या चक्राचं वर्णन केलं होतं. आपल्याकडे स्वरयोगात चंद्र आणि सूर्य नाडीच्या रूपाने श्वासाची बाजू बदलण्याचा उल्लेख त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यामुळे एक नाकपुडी दुसरीपेक्षा कमी चालणं हा काही आजार नाही. आडवं झाल्यावर खालच्या बाजूच्या टर्बिनेटमध्ये रक्त साठतं, म्हणून कुशीवर झोपल्यावर ती बाजू बंद वाटते. दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे श्वास घ्यायला त्रास होत असेल, तेव्हा मात्र तपासणी गरजेची असते.

टर्बिनेट मोठे का होतात?

सर्वांत मोठं कारण म्हणजे अॅलर्जी. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे (डस्ट माइट), झुरळं, बुरशी, परागकण आणि पाळीव प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा यांमुळे नाकाचं अस्तर वारंवार सुजतं. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की सूज उतरेनाशी होते.

नवी मुंबईत यासाठी अनुकूल परिस्थिती भरपूर आहे. खाडीकाठचं दमट हवामान आणि चार महिन्यांचा पाऊस. भिंतींना ओल धरते, गाद्या उन्हात पडत नाहीत, आणि बुरशी व धुळीतले किडे दोन्ही वाढतात. त्यात ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची एमआयडीसी, तळोज्याची औद्योगिक वसाहत, सायन-पनवेल महामार्गावरची वाहतूक आणि जागोजागी सुरू असलेली बांधकामं यांची भर पडते. खारघर, कळंबोली, कोपरखैरणे, वाशी या भागांतले रहिवासी रात्रीच्या उग्र वासाबद्दल अनेक वर्षांपासून तक्रारी करत आले आहेत. वाशीच्या एपीएमसीत मसाला आणि धान्य बाजारात काम करणाऱ्यांच्या नाकात दिवसभर तिखट धूळ जाते. धूळ, धूर आणि रसायनांचा वास यांमुळे अॅलर्जी नसलेल्यांचंही नाक चिडतं आणि अॅलर्जी असलेल्यांचा त्रास वाढतो.

याशिवाय गरोदरपण (प्रसूतीनंतर हा त्रास बहुतेकदा आपोआप जातो), थायरॉइडची कमतरता आणि रक्तदाबाची काही औषधं यांमुळेही नाक बंद राहू शकतं.

ड्रॉपची सवय

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले नाकाचे ड्रॉप आणि स्प्रे काही मिनिटांत नाक मोकळं करतात. टर्बिनेटमधल्या रक्तवाहिन्या ते आकसवतात. पण तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर परिणाम ओसरल्यावर सूज आधीपेक्षा जोरात परत येते. मग पुन्हा ड्रॉप, पुन्हा सूज. काही जण वर्षानुवर्षं या चक्रात अडकतात.

अशा वेळी आजाराचं कारण औषधच असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्टेरॉइड स्प्रेच्या मदतीने बंद केलं तर अनेकांचं नाक शस्त्रक्रियेशिवाय सुधारतं. तुम्ही असा ड्रॉप वापरत असाल तर डॉक्टरांना ते लपवू नका. हा स्टेरॉइड नाही, आणि डॉक्टर महिनोन् महिने वापरायला देतात तो स्टेरॉइड स्प्रे वेगळा. दोन्हींच्या बाटल्या सारख्या दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

मेंथॉलचं बाम किंवा इन्हेलर ही तिसरी गोष्ट. मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना उद्दीपित करतं. त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण वाट प्रत्यक्षात रुंद होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

निदान कसं होतं?

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी प्रकाशाच्या मदतीने नाकात पाहतात आणि गरज वाटल्यास दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप घालून मागचा भाग तपासतात. ओपीडीत काही मिनिटांत हे होतं.

एक साधी चाचणी फार उपयोगाची असते. नाक मोकळं करणारं औषध लावून टर्बिनेट किती आकसतो ते पाहायचं. बराच आकसला तर अडचण मऊ थरात आहे. फारसा आकसला नाही तर आतलं हाडच मोठं असण्याची शक्यता वाढते. कोणती शस्त्रक्रिया योग्य, हे यावरून ठरायला मदत होते. सायनसचा आजार किंवा पॉलिपची शंका असेल तर सीटी स्कॅन लागतो. प्रत्येकालाच तो लागतो असं नाही.

त्रास मोजण्यासाठी 'नोज स्कोर' नावाची पाच प्रश्नांची यादी वापरतात. नाक चोंदणं, बंद होणं, श्वास घेताना त्रास, झोपेत त्रास आणि व्यायाम करताना हवा कमी पडणं, अशा प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरजेला ५ ने गुणलं की १०० पैकी आकडा मिळतो. उपचाराआधी आणि नंतर हा आकडा लिहून ठेवला तर फरक पडला की नाही ते स्पष्ट कळतं.

आधी औषधं, तीही नीट

शस्त्रक्रियेचा विचार औषधांचा पुरेसा प्रयत्न झाल्यावरच केला जातो. 'पुरेसा' म्हणजे सहसा एक ते तीन महिने रोज.

• स्टेरॉइड स्प्रे (फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे): परिणाम दिसायला दिवस ते आठवडे लागतात. दोन दिवस मारून 'काही उपयोग नाही' म्हणणं बरोबर नाही. मान किंचित पुढे झुकवा आणि स्प्रेचं तोंड नाकाच्या बाहेरच्या भिंतीकडे, म्हणजे त्या बाजूच्या डोळ्याच्या दिशेने ठेवा. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर रक्त येऊ शकतं.

• मिठाच्या पाण्याने नाक धुणं: जलनेती ज्यांना माहीत आहे त्यांना हे नवं नाही. पाणी मात्र उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. थेट नळाचं किंवा टाकीचं पाणी वापरू नका. नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या 'नेग्लेरिया फाउलेरी' या अमिबाचा संसर्ग अतिशय दुर्मीळ, पण बहुधा जीवघेणा असतो. केरळमध्ये गेल्या काही वर्षांत अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत.

• अॅलर्जीवर उपचार: अँटिहिस्टामिन गोळ्या किंवा स्प्रे, चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुणं, घरातली ओल काढणं. निवडक रुग्णांना अॅलर्जीची इम्युनोथेरपीही देतात.

शस्त्रक्रियेचे प्रकार कोणते?

एवढं करूनही नाक बंदच राहत असेल आणि तपासणीत कारण टर्बिनेट आहे असं दिसत असेल, तर शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे येतो. ती नाकाच्या आतून होते, चेहऱ्यावर टाका किंवा व्रण राहत नाही.

१. रेडिओफ्रिक्वेन्सी आणि कोब्लेशन. एक बारीक सुईसारखं उपकरण टर्बिनेटच्या आत घालून मऊ थराला मोजकी उष्णता देतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत तापमान साधारण ६० ते ९० अंश सेल्सिअस आणि कोब्लेशनमध्ये ४० ते ७० अंश असतं. आतला थर पुढच्या काही आठवड्यांत आकसतो आणि वरचं अस्तर बहुतांश शाबूत राहतं. जागा बधिर करूनही हे करता येतं आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. मर्यादा अशी की हाड मोठं असेल तर याचा उपयोग कमी आणि काही वर्षांत सूज परत येऊ शकते. मात्र गरज पडल्यास पुन्हा करता येतं.

२. टर्बिनोप्लास्टी. टर्बिनेटला छोटा छेद देऊन अस्तराच्या खालचा मऊ भाग आणि गरजेनुसार थोडं हाड काढतात. यासाठी बरेचदा 'मायक्रोडेब्रायडर' हे फिरत्या पात्याचं उपकरण वापरतात. वरचं अस्तर जपलं जातं, म्हणजे ओलावा आणि स्वच्छतेचं काम सुरू राहतं. मऊ भाग आणि हाड दोन्ही वाढलेले असतील तर हा पर्याय उपयोगी ठरतो. याला बहुधा पूर्ण भूल लागते.

३. आउटफ्रॅक्चर. काहीही न काढता टर्बिनेटचं हाड हलकं मोडून बाहेरच्या भिंतीकडे सरकवतात. सोपं आहे, पण एकटं केलं तर टर्बिनेट पुन्हा मूळ जागी येऊ शकतो. म्हणून ते सहसा दुसऱ्या पद्धतीच्या जोडीने करतात.

४. कॉटरी आणि लेझर. विजेच्या किंवा लेझरच्या उष्णतेने टर्बिनेट जाळून आकसवतात. वरून केलं तर अस्तर भाजतं आणि खपल्या जास्त दिवस राहतात. 'लेझर' म्हटलं की ते सर्वांत आधुनिक आणि सर्वांत सुरक्षित असलंच पाहिजे, असं नाही.

५. टर्बिनेक्टॉमी. टर्बिनेटचा काही भाग किंवा पूर्ण टर्बिनेट कापून काढणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही पद्धत आहे. वाट लगेच रुंद होते, पण रक्तस्राव, खपल्या आणि कोरडेपणा यांचा धोका जास्त असतो. पूर्ण टर्बिनेट काढणं आता बहुतेक तज्ज्ञ टाळतात.

पडदा वाकडा असेल तर तो सरळ करण्याची 'सेप्टोप्लास्टी' आणि टर्बिनेटची शस्त्रक्रिया अनेकदा एकाच वेळी होते.

मग सर्वांत चांगली कोणती?

इटलीतल्या डॉ. डेसिडेरिओ पसाली यांच्या गटाने ३८२ रुग्णांची सहा गटांत विभागणी करून सहा पद्धतींची तुलना केली होती. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यात रुग्णांचा सहा वर्षांपर्यंत पाठपुरावा होता. अस्तर जपून आतला भाग काढणं आणि सोबत टर्बिनेट बाहेर सरकवणं, या जोडीचे निकाल दीर्घकाळात सर्वांत चांगले आले. रेडिओफ्रिक्वेन्सी त्या तुलनेत नव्हती.

ब्रिटनमधल्या १७ रुग्णालयांत झालेला 'नायरोस' अभ्यास २०२३ मध्ये 'बीएमजे'त आला. पडदा वाकडा असलेल्या ३७८ प्रौढांपैकी काहींवर सेप्टोप्लास्टी झाली (गरजेनुसार टर्बिनेटही कमी केले गेले), तर बाकीच्यांना सहा महिने स्प्रे दिले. सहा महिन्यांनी ११० पैकी मोजल्या जाणाऱ्या त्रासाच्या गुणांची सरासरी शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये १९.९ आणि स्प्रेच्या गटात ३९.५ होती. गुण जितके कमी तितका त्रास कमी. म्हणजे अडथळा खरोखर रचनेचा असेल, तर फक्त स्प्रेवर महिनोन् महिने रेटत राहण्यातही अर्थ नसतो.

आणखी एक गोष्ट. फार मोठा भाग काढायची गरज का नसते, ते साध्या गणिताने समजतं. सरळ नळीची त्रिज्या २० टक्क्यांनी वाढली की तिच्यातून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा जवळपास निम्मा होतो. नाक म्हणजे सरळ नळी नव्हे, पण तत्त्व तेच. थोडी जागा पुरते.

जास्त काढलं तर काय होतं?

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉ. युजीन कर्न आणि डॉ. मोनिका स्टेनक्विस्ट यांनी एक विचित्र विरोधाभास मांडला. काही रुग्णांच्या नाकात स्कॅनमध्ये भरपूर मोकळी जागा दिसत होती, तरी 'श्वास पुरत नाही, गुदमरतंय' ही त्यांची तक्रार होती. त्यांनी त्याला 'एम्प्टी नोज सिंड्रोम', म्हणजे रिकाम्या नाकाचा विकार असं नाव दिलं.

इथे मेंथॉलचा मुद्दा परत येतो. आपण श्वास घेतोय हे मेंदूला कळतं ते हवेने अस्तर थंड झाल्यावर. अस्तरच फार उरलं नाही, किंवा हवा त्याला न घासता सरळ निघून गेली, तर ही जाणीव हरवते. नाक उघडं असूनही मेंदूला ते बंद वाटतं. सोबत कोरडेपणा, जळजळ, खपल्या, झोप न लागणं आणि अनेकांमध्ये तीव्र चिंता व नैराश्य येतं. लक्षणं शस्त्रक्रियेनंतर महिन्यांनी किंवा वर्षांनीही सुरू होऊ शकतात.

हा विकार दुर्मीळ आहे. बरेच टर्बिनेट काढलेल्या अनेकांना तो होतही नाही आणि नेमका कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. पण झाला तर उपचार अवघड असतात. ओलावा टिकवणारी औषधं, नाकात भर घालणाऱ्या शस्त्रक्रिया आणि मानसिक आधार यांनी काही जणांना आराम मिळतो. अशा रुग्णाला 'तुमचं नाक तर उघडं आहे, सगळं मनाचं आहे' असं सांगून परत पाठवणं चुकीचं आहे. तो त्रास खरा असतो.

शस्त्रक्रियेनंतर काय अपेक्षा ठेवावी?

पहिले काही दिवस नाक आधीपेक्षा जास्त बंद वाटतं, कारण सूज आणि खपल्या असतात. यामुळे घाबरू नका. खरा फरक चार ते आठ आठवड्यांत कळतो.

• मिठाच्या पाण्याचा स्प्रे किंवा धुणं डॉक्टर सांगतील तसं सुरू ठेवा.
• एक ते दोन आठवडे जोरात नाक शिंकरणं, जड उचलणं आणि जिम टाळा. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या.
• धूळ, धूर आणि सिगारेटपासून दूर राहा.
• नाक १५ ते २० मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, ताप चढत असेल किंवा वेदना वाढत असतील तर लगेच रुग्णालय गाठा.

शस्त्रक्रियेने अॅलर्जी जात नाही. शिंका, पाणी, खाज यांसाठी औषधं चालूच ठेवावी लागू शकतात. ती बंद केली तर सूज परत येण्याची शक्यता वाढते. तसंच झोपेत श्वास थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप अॅप्निया, केवळ नाकाच्या ऑपरेशनने सहसा बरा होत नाही. मात्र सीपॅप मशीन वापरणं सोपं होऊ शकतं.

नवी मुंबईत उपचार आणि विमा

खासगी दवाखान्यांशिवाय नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. महापालिकेच्या वाशीच्या रुग्णालयातही चौकशी करता येते. जाण्याआधी ओपीडीचा वार आणि वेळ विचारून घ्या.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. तुमची नेमकी शस्त्रक्रिया यादीत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. खासगी विमा असेल तर प्रतीक्षा कालावधी तपासा. 'आरोग्य संजीवनी'सारख्या पॉलिसीत कान-नाक-घशाच्या साध्या आजारांसाठी तो २४ महिन्यांचा असतो. ओपीडीत, भरती न होता केलेल्या प्रक्रियेचा दावा मिळेल का, हेही आधीच लेखी विचारून घ्या.

सही करण्याआधी हे प्रश्न विचारा

• माझा अडथळा पडद्यामुळे आहे, टर्बिनेटमुळे की दोन्हींमुळे?
• औषधांचा पुरेसा प्रयत्न झाला आहे का?
• कोणती पद्धत वापरणार? अस्तर जपलं जाणार का?
• टर्बिनेटचा किती भाग काढणार, आणि तेवढाच का?
• भूल कोणती? नाकात पॅक किती वेळ राहणार?
• त्रास परत आला तर पुढे काय?

रक्त पातळ करणारी गोळी, अॅस्पिरिन किंवा आयुर्वेदिक काढे घेत असाल तर तेही सांगा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक नसतील तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. टर्बिनेटची शस्त्रक्रिया ही क्वचितच तातडीची असते. महिनाभर थांबून विचार केल्याने सहसा काही बिघडत नाही.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचाराचा निर्णय तपासणीनंतर आणि तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)